पांझरेकाठी झालेला दंड

दौऱ्याहून परत आल्यावर बचत गटातल्या बायकांनी चार-चार ओळी लिहून दिल्या. सगळ्यांनी एकच लिहिलं, खूप शिकायला मिळालं. काय शिकायला मिळालं ते कोणी लिहिलं नाही. म्हणून मी लिहिते. मी चौथीपर्यंत शाळेत गेले आहे, तेवढ्यात हे लिहून होतं.

आमचं गाव पहूरच्या जवळ आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी गावाने श्रमदान करून नाल्यावर बंधारा घातला. बायकांनी टोपल्या उचलल्या, पुरुषांनी फोटो काढले. फोटो काढून झाल्यावर पुरुषांनीही उचलल्या. पावसाळ्यात बंधारा भरला, पूजा झाली, नारळ फुटले. दिवाळी झाल्यावर ज्याने त्याने मोटरी टाकल्या आणि संक्रांतीला बंधाऱ्यात म्हैस बसेल एवढंही पाणी उरलं नाही. मग भांडणं झाली. कोणी कोणाचा पाइप कापला, कोणी कोणाच्या लग्नाला गेलं नाही.

मला त्या भांडणाचं फारसं काही वाटलं नाही, कारण आमची मोटर बंधाऱ्याला सगळ्यात जवळ आहे. आमच्या केळीला पाणी पुरलं. माझी धाकटी जाऊ विमल, तिचं शेत नाल्याच्या सगळ्यात खाली. वाटणीत तसं आलं. तिचा हरभरा वाळला. ती मला काही बोलली नाही आणि मी तिला काही विचारलं नाही.

यंदा पुन्हा बंधारा भरला, पुन्हा मोटरी निघाल्या. तेव्हा गटाच्या कामाला येणाऱ्या प्रणाली मॅडम म्हणाल्या, भांडण्याआधी एकदा बघून तरी या, पाणी वाटून घेणारी माणसं कशी राहतात. साक्री तालुक्यात पांझरा नदीवर जुने बंधारे आहेत आणि तिथली गावं ते पाणी पिढ्यान्‌पिढ्या वाटून घेतात, असं त्या म्हणाल्या. मॅडम माझ्या नातीच्या वयाच्या आहेत. त्यांना नाही म्हटलं की त्या रडत नाहीत, पुन्हा विचारतात. म्हणून गेलो.

धुळ्याच्या पलीकडे

क्रूझर गाडीत जेवढ्या बायका बसायला पाहिजेत त्याहून जास्त होतो. रस्त्याचं काही सांगत नाही, रस्ता सगळ्यांनी बघितलेला असतो. धुळ्याला मॅडमनी हॉटेलपाशी गाडी थांबवली. आम्ही बाकड्यावर बसून घरच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा सोडला. मालक आला, मारवाडी होता, म्हणाला, "मावशी, बाहेरचं खायला चालत नाही इथे."

मी म्हटलं, "बाहेरचं नाही, घरचं आहे."

मग त्याने चहा घ्यायच्या अटीवर बसू दिलं. जाताना ठेचा कशाचा आहे ते विचारलं आणि चाखून पाणी मागितलं.

साक्रीच्या पुढे जमीन बदलते. आमच्याकडे जमीन काळी, सपाट, नजर जाईल तिथवर केळी नाहीतर कापसाच्या पळकाट्या. इकडे डोंगर जवळ येतात, वावरं लहान होतात. डोंगराच्या माथ्यावर पवनचक्क्या फिरत होत्या. विमलने बराच वेळ बघून विचारलं, "यायले कोन फिरवतं?"

"वारा."

"मंग बिल कोनाले येतं?"



गाव पिंपळनेरच्या अलीकडे आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे भांडण लिहायचं आहे.

केवळबाईचं घर

आम्हाला दोघी-दोघी घरोघरी वाटून दिलं. मी आणि विमल केवळबाईकडे. केवळबाई माझ्याहून थोडी लहान, अंगाने वाळकी, चालायला चपळ. नवरा वारला आहे. मुलगा सुरतेला मागावर आहे, आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला येतो. घर दोन खोल्यांचं, शेणाने सारवलेलं, दारात बांधलेली एक शेळी. शेळीने पहिल्याच तासात माझ्या पिशवीचा बंद खाल्ला.

"बठ, माय," केवळबाई म्हणाली. "हात-पाय धुई ले. चहा ठेवस."

त्यांची बोली अहिराणी, आमची वेगळी. निम्मं समजतं, निम्मं अंदाजाने. आमच्याकडे 'हाये' तिथे त्यांचं 'शे'. जेवायला नागलीची भाकर, उडदाची डाळ आणि कांद्याची पात होती. नागली काळी असते आणि पोटात दगडासारखी बसते. विमलने अर्धीच खाल्ली आणि उरलेली शेळीला दिली. शेळीला चालली.

जेवताना केवळबाईने तिथली रीत सांगितली. जमेल तेवढी सोपी करून लिहिते.

नदीवर बंधारा आहे. तिथून गावाच्या जमिनीत पाट काढलेला आहे. पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे पाडलेले आहेत, एकेका तुकड्याला फड म्हणतात. प्रत्येक घराचं थोडं थोडं वावर प्रत्येक फडात असतं. एका फडात एका हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात गहू तर सगळ्यांचा गहू. कोणत्या फडात काय, ते सगळे मिळून ठरवतात. पाण्याला एकच माणूस हात लावतो, त्याला पाटकरी म्हणतात. पाटातून शेतात पाणी घ्यायचं तोंड म्हणजे बारं, शेताच्या मालकानेही स्वतःचं बारं फोडायचं नाही. पाणी सगळ्यात आधी शेपटीच्या शेताला मिळतं, मग वर वर येत जातं. तोंडाशी ज्याचं शेत आहे त्याला शेवटी.

"तोंडाशी आहे त्याला शेवटी?" मी विचारलं.

"मंग? तो तं पानीजवळच शे. तो कोठे जाई?"

मला हे उलटं वाटलं, पण भाकर तिची होती, मी बोलले नाही.

अजून एक रीत तिने सांगितली, ती पुढे कामाला येते. ज्या पिकाला पाटाचं पहिलं पाणी लागलं, ते पीक फडाचं झालं. मग हंगाम संपेपर्यंत त्याला पाणी द्यावंच लागतं. उभं पीक मधेच मारायचं नाही. फक्त चोरीचं पाणी असलं तर ते धरत नाहीत, मग चोराला दंड.

केवळबाईचा गहू दोन बिघे, फडाच्या अगदी शेपटीला. ओंब्यांत दूध भरलं होतं आणि पुढचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी मिळणार होतं. त्या गव्हावर तिचं वर्ष निघतं. "पन यंदा वरला अंगले एकजनने भलतंच लायी ठेयेल शे," ती म्हणाली. "बारमाही पानी पिनारं. त्याले एकदाव पाटनं पानी लागनं, का घडीघडी त्यालेच द्यानं पडी, मनी पाळी लांबी जाई, मना गहू गया."

काय लावलंय ते मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या गावातलं भांडण विचारलं की झोपायला उशीर होतो.

पाट

सकाळी उठले तर केवळबाई फावडं घेऊन शेतात गेलेली. विमल थंडीने गोधडीतून निघेना. मी एकटीच पाटाच्या काठाने निघाले. ऊन आलं होतं पण लागत नव्हतं. पाट भरून चालला होता, पाणी स्वच्छ, तळाचे दगड दिसतील असं. दोन्ही अंगाला गहू. काठावर करंजाची झाडं. असं वाहतं पाणी आमच्याकडे मी लहानपणी बघितलं होतं, त्यानंतर नळीतलंच बघितलं.

फडाच्या तोंडाशी आले आणि उभी राहिले. गव्हाच्या मधोमध केळीची रोपं होती. नवीन लावलेली, टिश्यू कल्चरची, ओळीने. पानं खाली गळलेली, कडा करपायला लागलेल्या, आळ्यातली माती भेगाळलेली. आणि हातभर अंतरावरून पाणी चाललेलं.

आम्ही केळीची माणसं. आमच्याकडे रोपाने मान टाकली की जेवणावरून उठतात. मला वाटलं, पाणी धरणारा कोणी गडी आहे, तो बारं द्यायचं विसरून कुठेतरी बसला आहे. इकडेतिकडे बघितलं. कोणी नव्हतं. काठाला फावडं उभं होतं. पाटाच्या कडेला मातीचं आणि गवताचं बारं होतं, ते मी दोन घावांत फोडलं आणि पाट खाली दगडं लावून अडवला. पाणी आळ्यांत शिरलं. माती पाणी पिताना जो आवाज होतो तो झाला. मी काठावर बसून रोपं बघत राहिले. रोपं चांगल्या जातीची होती, लावलीही सरळ होती, फक्त जरा खोल.

चांगला वेळ गेला. मग धोतर नेसलेला एक म्हातारा काठाने आला, डोक्याला मफलर. पाण्याकडे बघितलं, केळीकडे बघितलं.

"हाई बारं कोनी फोडं?"

"मी," मी म्हटलं. "तुमचा माणूस विसरून गेला होता."

"मानूस मीच शे."

"मग तुम्ही विसरला होतात."

तो पाटकरी होता, झिपरूनाना. चहा प्यायला गावात गेला होता. चहा प्यायला जायचं नसतं, बारं चालू असेपर्यंत काठावरच राहायचं असतं. त्यामुळे त्याला मोठ्याने ओरडता येईना आणि गप्पही राहता येईना. त्याने दगडं काढली, बारं बुजवलं आणि तोंडातल्या तोंडात बोलत राहिला. मला कळण्यासारखं त्यात फक्त 'डोकरी' होतं, म्हणजे म्हातारी.

तेवढ्यात खालून केवळबाई आली. तिच्या वाफ्यातलं पाणी बारीक झालं होतं, मग थांबलं होतं, म्हणून ती काठाकाठाने वर बघत आली होती. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. तिने ओली आळी बघितली, माझ्या हातातलं फावडं बघितलं.

"अक्का, हाई तुना हातवरी व्हयनं?"

मी हो म्हटलं. तेव्हा मला समजलं की भलतं म्हणजे केळी.

ती परत खाली गेली, अर्ध्या वाफ्याला पाणी बाकी होतं.

झिपरूनाना तिच्या पाठोपाठ खाली गेला. मागून मोटरसायकलवर शेताचा मालक आला. रवी नाव, तरुण, अंगात जाकीट, बोलणं शहरातल्यासारखं. त्याला कोणीतरी सांगितलं होतं. त्याने आधी फोन काढून ओल्या रोपांचे फोटो काढले, मग माझ्या पाया पडला.

"मावशी, कुठल्या तुम्ही?"

"पहूरकडच्या."

"रोपं तुमच्याच जळगावहून आणलीत. तुम्ही जन्माचे उपकार केलेत."

मी म्हटलं, "रोपं खोल लावली आहेस."

दिवसभर

दुपारी केवळबाईने जेवायला वाढलं. भाकर काल होती तेवढीच जाड, डाळ काल होती तेवढीच तिखट. एक शब्द बोलली नाही. भांडी घासायला मी हात घातला तर तिने हातातून ताट काढून घेतलं.

विमल मला बाहेर घेऊन गेली. "तुमाले कोनं सांगितलं होतं हात लावाले?"

"कोणी नाही."

"तिचा गहू जाईन आता. माह्या हरभऱ्यावानी."

तिने हे पहिल्यांदा तोंडाने म्हटलं. मी शेळीकडे बघत होते.

प्रणाली मॅडम घामाघूम होऊन आल्या. म्हणाल्या, "अक्का, मी सगळ्यांची माफी मागते. संस्थेच्या लेटरहेडवर लिहून देते."

मी म्हटलं, "त्याने आळ्यातलं पाणी परत पाटात येणार आहे का?"

त्या म्हणाल्या, नाही.

"मग राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी केळीबद्दलचीच बैठक आधीपासून ठरलेली होती. आता तिच्यात माझी भर पडली.

मारुतीच्या ओट्यावर

ओट्यावर पुरुष बसले होते, खाली डाव्या अंगाला बायका. आमच्याकडे बायका अशा बैठकीला येत नाहीत आणि आल्या तरी त्यांना विचारत नाहीत. इथे केवळबाईसारख्या ज्यांच्या नावावर वावर आहे, त्या येतात. बोलल्या तर ऐकतात. मधे आबा बसले होते, वय झालेले, गावचे पाण्याचे निकाल तेच देतात. कानाने थोडे कमी.

रवी उभा राहिला. फोन सगळ्यांना फिरवला. "हे बघा. पाटाचं पाणी रोपांना लागलं. मी लावलं नाही, पाटकऱ्याने लावलं नाही. लागलं ना पण? रीत तुमचीच आहे, पहिलं पाणी लागलं ते पीक फडाचं. आता त्याला शेवटपर्यंत पाणी द्या."

"ते चोरीनं पानी शे," झिपरूनाना म्हणाला.

"चोर कोण मग? नाव घ्या."

कोणी घेईना. सगळे माझ्याकडे बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते.

आबा म्हणाले, "पाहुनी शे. डोकरी शे. तिले काय ठाऊक आमनी रीत. जाऊ द्या, सोडी द्या."

"सोडा की," रवी म्हणाला. "सोडलं म्हणजे चोर नाही. चोर नाही म्हणजे चोरी नाही. चोरी नाही म्हणजे पाणी सरळ लागलं. मी कुठे काय वेगळं म्हणतोय?"

पोरगा हुशार होता. वकील व्हायला पाहिजे होता, मग त्याने केळी लावली नसती.

मी केवळबाईकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळून बसली होती. तिने फक्त एवढं म्हणायचं होतं की ही बाई चोर आहे, हिला दंड लावा. तिचा गहू वाचला असता. पण मी तिच्या घरची भाकर खाल्लेली होती. घरात उतरलेल्या बाईला भरल्या बैठकीत चोर म्हणायचं, हे तिच्याकडून होणार नव्हतं. तिच्याकडून झालं नसतं आणि आबांकडूनही होत नव्हतं. तेवढ्या मानापोटी दोन बिघे गहू वाळला असता.

मला असल्या मानाचा काही उपयोग नव्हता. मी उभी राहिले.

"दंड लावा," मी म्हटलं.

आबांनी कानाला हात लावला. मी पुन्हा मोठ्याने म्हटलं. प्रणाली मॅडम मागून माझा पदर ओढत होत्या.

"इकडेतिकडे बघितलं, कोणी नव्हतं, तेव्हा पाणी फोडलं. आमच्याकडे याला चोरीच म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात?"

"चोरीच," झिपरूनाना लगेच म्हणाला.

"मावशी," रवी म्हणाला, "तुम्हाला रोपांची दया आली होती. दयेला चोरी म्हणू नका."

"दया-बिया नाही. केळीने मान टाकलेली बघवत नाही, हाताची सवय आहे. सवयीने चोरी केली तरी ती चोरीच."

त्याने दुसऱ्या बाजूने धरलं. "बरं. तुम्ही केळीवाल्या आहात. यांना एकदा सांगा, तुमच्याकडे केळी कशी येते."

"चांगली येते."

"ऐका, ऐका," तो लोकांना म्हणाला.

"माझी चांगली येते," मी म्हटलं. "आमच्या गावी बंधारा आहे, त्याला माझी मोटर सगळ्यात जवळ आहे. म्हणून येते. सगळ्यात खाली माझ्या जावेचं शेत आहे, तिचा हरभरा गेल्या साली वाळला. ती बसली आहे तिथे, तिला विचारा."

विमलला कोणी काही विचारलं नाही. ती खाली मान घालून बसली होती, पण हसत होती असं मला वाटलं. मी खात्री करून घेतली नाही.

आबांनी बराच वेळ तंबाखू मळली. मग निकाल दिला. पाणी चोरीचं, म्हणून धरायचं नाही. केळीचा फडाशी संबंध नाही. चोराला दंड, पाटाच्या नेमून दिलेल्या तुकड्यातला गाळ काढणे, स्वतःच्या हाताने, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आणि पाटकरी काठ सोडून चहाला गेला, त्यालाही तोच दंड.

"माले कसाले?" झिपरूनाना म्हणाला.

"तू नसता गया तं ती फोडती का?" आबा म्हणाले.

माझं वय बघून आबांनी माझा तुकडा अर्धा केला. मी नको म्हटलं नाही. पूर्ण पाट काढायची मला हौस नव्हती. झिपरूनानाने स्वतःचंही वय सांगून बघितलं, पण ते सगळ्यांना ठाऊक होतं.

गाळ

शेपटीकडे पाट गाळाने भरतो. पाणी बंद होतं. मी लुगडं खोचून आत उतरले, शेजारच्या तुकड्यात झिपरूनाना. गाळ थंड आणि जड. फावड्याला चिकटतो, सुटत नाही. विमल टोपली घेऊन आली तर नानाने तिला काठावरच थांबवलं. "दूर ऱ्हाय, बाई. दंड तिना शे."

"तुमचं तोंड चालू राहिलं तर चालतं का दंडात?" मी विचारलं.

"तोंडले दंड नई."

मग तो म्हणाला, "तुना मुळे मना चहा महाग पडना."

"साखर किती घालतात तुमच्याकडे?"

"लई घालतस."

"मग बरं झालं."

त्यानंतर आमचं बरं जमलं. त्याने मला फावडं तिरपं कसं घालायचं ते सांगितलं. मी त्याला सांगितलं की मला येतं. तरी तिरपं घातलं, कारण सोपं जात होतं. तो म्हणाला, यंदा दुसऱ्या फडातल्या ऊसवाल्यांनी त्याला पाणी धरण्याच्या बदल्यातलं धान्य कमी दिलं. म्हणाला, आता पोरं पाटकरी व्हायला तयार नाहीत, त्यांना काठाने चालायचं नसतं. मोटर लावून घरी बसायचं असतं. मी म्हटलं, आमच्याकडे सगळे घरीच बसलेत.

दुपारी केवळबाई भाकर घेऊन आली. काठावर बसली. तिलाही हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून ती बोलत बसली. कालपासूनचं सगळं एकदम बोलली. शेळीचं, सुरतेच्या मुलाचं, सुनेचं, रवीच्या आजीचं. रवीच्या आजीनेही एकदा या फडात भलतंच लावलं होतं, ऊस. तेव्हा तिनेही असाच दंडाचा गाळ काढला होता.

रवी आला तेव्हा मी कमरेला हात लावून उभी होते.

"मावशी, रोपांचं आता काय करू?"

"विहीर आहे का तुझी?"

"घरामागे आहे. पाणी थोडं आहे."

"थोडीच ने मग. संध्याकाळी काढ, उन्हात नको. मुळाभोवतीची माती सोडू नको. आणि या वेळेला वर लाव."

"जगतील?"

"काही जगतील."

तो उभा राहिला होता, अजून काहीतरी ऐकायचं होतं त्याला. मी पुन्हा वाकले. तो गेला, तेव्हा झिपरूनाना म्हणाला की तो पोरगा वाईट नाही, नुसता मोबाइलवर फार बघतो.

ऊन उतरायच्या आत माझा तुकडा झाला. नानाचा राहिला होता. त्याने काठावर बसायचं नाटक केलं, तेव्हा केवळबाईने आबांना हाक मारते म्हणून सांगितलं, मग तो उठला.

आम्ही निघायच्या सकाळी तिच्या राहिलेल्या अर्ध्या वाफ्याला पाणी आलं. मी काढलेल्या तुकड्यातून आलं. ती मला बघायला घेऊन गेली. पाणी होतं, गहू होता. बघण्यासारखं तेवढंच. नाना काठावर उभा होता, चहाचा पेला हातात घेऊन. आता चहा कोणीतरी त्याला तिथेच आणून देतं.

गाडीत बसताना केवळबाईने नागलीच्या पिठाची पुरचुंडी दिली. शेळीने खाल्लेल्या बंदाच्या जागी दुसरा बंद शिवून मी पिशवी भरली होती, तिच्यात ती बसली. "पुढला साल ये," ती म्हणाली. "पन हात घर ठेई ये."

घरी

परत आल्यावर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर लोक जमले. मॅडमनी चित्रं दाखवली. मग सरपंच म्हणाले, अक्का, तुम्ही सांगा. मी सांगितलं. दंडाचंही सांगितलं, कारण बाकीच्या बायकांनी ते आधीच सांगितलं होतं.

मग मी म्हटलं, आपल्याकडेही तसंच करावं. सगळ्यात लांबची मोटर आधी. एक चालू असताना बाकीच्यांच्या स्टार्टरच्या पेट्या कुलपात.

माझा मुलगा सुनील पुढेच बसला होता. "आई," तो म्हणाला, "आपली मोटर सगळ्यात जवळ आहे."

"म्हणून आपला नंबर शेवटी."

"केळीचं काय?"

"केळी पाण्याजवळच आहे. कुठे जाईल?"

हे केवळबाईचं वाक्य होतं. तिथे ऐकायला जितकं सोपं वाटलं होतं तितकं इथे म्हणायला नव्हतं. सुनील उठून गेला. लोकांनी बराच वेळ वाद घातला. जे खाली होते ते हो म्हणाले, जे वर होते ते बघू म्हणाले. पण सगळ्यात वरची मीच, आणि मी हो म्हटलेलं होतं, त्यामुळे त्यांना बघण्यासारखं काही उरलं नाही.

पेट्यांच्या किल्ल्या कोणाकडे ठेवायच्या यावर पुन्हा वाद झाला. आमच्याकडे पाटकरी नाही. सरपंच म्हणाले, "अक्कांकडे ठेवा. गावात पाणी चोरल्याचा दंड झालेलं माणूस त्या एकट्याच आहेत. नियम त्यांना माहीत आहे."

लोक हसले. किल्ल्या माझ्याकडे आल्या.

पहिली मोटर विमलची सुरू झाली. आवाज आमच्या घरापर्यंत येतो. सुनील माझ्याशी कामापुरतं बोलतो आणि काम एकच आहे, तो रोज किल्ली मागतो. मी देत नाही. सूनबाई मधे पडत नाही, तिचं माहेर नाल्याच्या खालच्या अंगाला आहे.

आमचा नंबर यायचा आहे. ऊन वाढलं आहे आणि आमच्या केळीने माना टाकायला सुरुवात केली आहे, असं सुनील सांगतो. मी बघितलेलं नाही. किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला असतो, आणि बंधाऱ्याकडे जायचं झालं तर मी लांबच्या वाटेने जाते, केळी दिसणार नाही अशा.